उरलेल्या दहा गोळ्या

४ डिसेंबर
"दहा म्हणजे कोनासारखं?" जैनीनं आज विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. आता लिहितानाही येत नाही.

मिरगीच्या औषधाच्या अभ्यासाचा फॉर्म, त्यातला शेवटचा प्रश्न. एकंदर जगणं कसं वाटतं, शून्य ते दहापैकी एक आकडा सांगा. शेजारी शिडीचं चित्र. ती शिडीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "दहावाली बाई कशी रायते ताई? तुमी पाह्यली का कोनी?" मी म्हटलं, तुला वाटेल तो सांग. नवरा देवू मधेच म्हणाला, "आठ लिवा मॅडम. आता त एकबी फिट नाई." तिनं मान हलवली. मी आठ लिहिलं. नियम आहे की उत्तर रुग्णाचंच हवं. मान हलवली म्हणजे तिचंच.

त्याआधी "वाहन चालवताना भीती वाटते का" हा प्रश्न. तो गाळायची परवानगी नाही. जैनी म्हणे, "कोनतं? हे त सायकलबी देत नाई मले." देवू लाजला. तिघं हसलो. हसताना तिची जीभ दिसली, कडेला चावलेली. "चने खाता खाता चावली," तेही देवूनंच सांगितलं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या दिवशी फिट येईल त्या तारखेवर लाल टिकली लावायची. देवूच लावतो. ऑगस्ट, म्हणजे औषधाच्या आधी: अकरा टिकल्या. सप्टेंबर: दोन. ऑक्टोबर: कोरा. नोव्हेंबर: कोरा.

येताना स्कूटीवर गाणं म्हणत आले. बावीस वर्षांची पोर, आणि दोन महिने एकदाही पडली नाही.

६ डिसेंबर
कुरखेड्याच्या खोलीत गोळ्या मोजल्या. महिन्याला साठ देतो, सकाळ-संध्याकाळ एक. जैनीच्या डबीत दहा उरल्या. पन्नास घेतल्या म्हणजे त्र्याऐंशी टक्के. ऐंशीच्या वर असलं की "औषध नियमित" या चौकटीत खूण. केली.

अभ्यासाच्या प्रमुखांना, सरांना, फोनवर तिचा आकडा सांगितला. खूश. म्हणाले, "करुणा, असे निकाल आले ना, तर ही गोळी प्रत्येक उपकेंद्रात ठेवायला लावू आपण. मांत्रिकाकडे जाणारी निम्मी माणसं तरी वाचतील." सर हे म्हणतात तेव्हा मला खरंच वाटतं की मी योग्य ठिकाणी आले.

११ डिसेंबर
मूल. माझं गाव. दोन दिवस घरी. बाबा राइस मिलमधून आले ते दोन माणसं सोबत घेऊनच. "हे माही पोरगी. बी.एस्सी. मिरगीच्या औषधाचं संशोधन करून राह्यली." त्यातल्या एकानं गुडघा पुढे केला, "मंग याले काय लावू बाई?" आई आतून हसत होती.

घरात माझ्या आधी कोणी बारावीही नाही. बाबांना संशोधन म्हणजे काय ते नीट माहीत नाही. मलाही दोन वर्षांपूर्वी नव्हतं. पण त्यांचा चेहरा.

१९ डिसेंबर
रिकाम्या डब्या चंद्रपूरला पाठवायच्या, म्हणून सगळ्या महिन्यांचा गोळ्यांचा तक्ता एकत्र लिहायला घेतला.

जैनी: आठ, दहा, दहा. खालच्या टोल्यावरची, त्या छोट्या वस्तीतली: दहा, बारा, दहा. मूलकडची एक: आठ, आठ, आठ. पुरुषांचं कसंही, शून्य, सतरा, तीन. बायकांचं मात्र घड्याळ लावल्यासारखं. अकरा बायका, अकराही जणींचं असंच.

अकराच का? माझ्या यादीत तेरा बायका आहेत. उरलेल्या दोघी पंचावन्नच्या पुढच्या. त्यांच्या डबीत एकही गोळी उरत नाही.

पेन खाली ठेवलं.

चार, पाच, सहा दिवस. दिवसाला दोन. आठ, दहा, बारा.

२० डिसेंबर
मला कळायला हवं होतं. टीममध्ये मी एकटी बाई. घरी मीसुद्धा चार दिवस सपरीत, म्हणजे पडवीत, वेगळ्या चटईवर बसत आले. अकरावीत टायफॉइड झाला तो नेमका त्या दिवसांत. आई वरून माझ्या ओंजळीत गोळी टाकायची. "औषधाले इटाळ नसते," म्हणायची आणि तरी वरूनच टाकायची.

आणि मी, जी स्वतः असं बाजूला बसत आले आहे, तिनं कोणाला विचारलं नाही. देवूला कसं विचारणार, म्हणून विचारलं नाही. दुसरं कारण नाही.

आणखी एक. भेटीच्या आधी देवू नेहमी फोन करायचा, "या हप्त्यात नका येऊ मॅडम, पुढच्या हप्त्यात या." मी लिहायचे: कुटुंबाचं सहकार्य उत्तम.

२३ डिसेंबर
देवूच्या फोनवरून दिवसांचा हिशेब केला आणि जैनीच्या गावी न सांगता गेले. गावच्या आशा सेविका शेवंताबाईंना सोबत घेतलं. त्यांना तक्त्याचं सांगितलं तर हसल्या. "तुमच्या सायबाले सांगा, टीममंदी एक बाई ठेवा."
"आहे ना. मी."
"मंग तुमी काय करत होत्या?"

गावाबाहेर, मोहाच्या झाडांपलीकडे कुर्मा. पाळीतल्या बायकांची झोपडी. वाकून आत जावं लागतं. शे.बाई दहा पावलं आधीच थांबल्या. "तुमी जा. तुमाले कोन काय म्हनते."

जैनी एकटीच होती. ओठ सुजलेला, कोपर सोललेलं. मला पाहून पटकन पदर ओढला, चोरी पकडल्यासारखा. तिचं बोलणं जसं आठवतं तसं लिहिते.

"काल दोन आल्या. आज सकाळी एक. सकाळची मले समजली नाई. उठली त आंगाले माती होती, मंग समजली."
"दर महिन्याला?"
"इथीच येतात ताई. घरी आता नाई येत. घरी खरंच नाई येत." हे दोनदा म्हणाली. देवूला खोटं ठरवायचं नव्हतं तिला.
"मग सांगितलं का नाहीस?"
"कोनी इचारलं? कॅलेंडर त घरी हाये. इथून कसं लावू टिकली?"
"आणि गोळी?"
"डबी देवाजवळ ठेवली हाये. तुमीच बोलल्या ना, एकाच चांगल्या जागी ठेवा, हलवू नका. घरात त्याच्याहून चांगली जागा कुठी हाये?"

ही सूचना गोळ्यांसोबतच्या पत्रकातली, आणि ते पत्रक मी लिहिलं होतं. सर म्हणाले होते, किती सोपी भाषा.

म्हणजे दर महिन्याला पाच दिवस औषध एकदम बंद. एकदम बंद करू नये हे त्याच पत्रकात शेवटच्या ओळीत आहे. आणि पाळीच्या दिवसांत फिट येण्याचा धोका काही जणींना आधीच जास्त असतो. त्या दिवसांत ती एकटी, कोणी न पाहता. आणि भिंतीवर कोरा महिना.

निघताना शे.बाई म्हणाल्या, "घरी जाऊन आंघोळ करजा." मग थोडं पुढे गेल्यावर, "माही मोठी बहीन अशीच होती."  अशी म्हणजे कशी, मी विचारलं नाही.

२४ डिसेंबर
सरांना फोन. सगळं ऐकून घेतलं. "चांगलं पाहिलंस," म्हणाले.  मग: "सोमवारी चंद्रपूरला ये. तोवर कोणाला काही सांगू नको, सूचना बदलू नको. मधेच काही बदललं तर आधीचे महिने आणि नंतरचे महिने, दोन्ही वाया जातात."

२८ डिसेंबर
झोप नाही. उद्याचे मुद्दे लिहिले. एक: जास्तीची छोटी डबी देऊ. दोन: दुसरं कॅलेंडर, तिकडे नेण्यासाठी. तीन: मागच्या महिन्यांचं काय? तिसऱ्यासमोर काही लिहिता आलं नाही.

२९ डिसेंबर
चंद्रपूर. सर आणि मी, दोन तास.

सर वाईट नाहीत. हे आत्ताच लिहून ठेवते, पुढे मी विसरेन.

त्यांचं म्हणणं: कॅलेंडरवर घरच्यांनी पाहिलेल्या फिट मोजायच्या असं आपण पहिल्या दिवशी लिहून दिलं. त्या आपण बरोबर मोजल्या. औषध ऐंशी टक्क्यांच्या वर. नियम मोडलेला नाही. अकरा बायकांचे आकडे संशयात टाकले तर अभ्यासच उभा राहत नाही, आणि मग गोळी उपकेंद्रात येत नाही. "एका जैनीसाठी बोलतेस. मी न पाहिलेल्या शंभर जैनींसाठी बोलतोय."

मी म्हटलं, निदान डबी द्यायची परवानगी द्या. म्हणाले, बदलाला नैतिक समितीची मंजुरी लागते, तिची बैठक जानेवारीच्या शेवटी आहे, तिथं ठेवतो. रीतसर. "चार आठवडे, करुणा."

मी हो म्हटलं.

परतताना बस मूलवरून गेली, घरी उतरले नाही.

८ जानेवारी
जैनीकडे नेहमीची भेट. घरी होती, बरी होती, तांदूळ निवडत होती. डिसेंबरचं कॅलेंडर कोरं. मी पाहिलं, तिनं पाहिलं. देवूनं अभिमानानं काढून दिलं. मी फॉर्ममध्ये शून्य लिहिलं. मला माहीत असताना शून्य लिहिलं.

पिशवीत रिकामी छोटी डबी नेली होती. काढली नाही.

तिची सासू एकटी सापडली तेव्हा म्हटलं, आजी, त्या दिवसांत गोळी तिकडे पोचवली तर? जेवण नेऊन ठेवता तसं? म्हातारी म्हणाली, "नेऊ ना. त्यात काय. पन तुमीच सांगतलं होतं ना डबी हलवाची नाई? आता हलवू का? सांगा तसं."

सांगा तसं.

मी म्हटलं, "विचारून सांगते."

९ जानेवारी
विचारून सांगते. विचारून सांगते. काय विचारायचं होतं?

१६ जानेवारी
सरांचा मेसेज: विषयपत्रिकेत घेतलं आहे, सव्वीसनंतर बैठक. मी "धन्यवाद सर" लिहिलं आणि हात जोडल्याचं चित्र.

हिशेबानं जैनीचे दिवस एकोणीस-वीसला. जाऊन सासूला सांगून यावं असं दोनदा मनात आलं. बैठक दहा दिवसांवर आहे. एक महिना. आधीचे इतके महिने गेलेच की.

२१ जानेवारी
सकाळी शे.बाईंचा फोन. "जैनी गेली ताई."

कुर्म्यातल्या बायका आंघोळीला जातात त्या नाल्यावर. कपडे धुवायला बसली होती. पालथी. पाणी घोटाभर.

घोटाभर.

२२ जानेवारी
काल पोचले तेव्हा माती झाली होती. बायका एका बाजूला बसलेल्या, त्यांच्यात जाऊन बसले. कोणी काही म्हटलं नाही. सासूनं माझ्याकडे एकदा पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर

२३ जानेवारी
—

२७ जानेवारी
गंभीर घटनेचा फॉर्म. माझ्याच हातानं भरायचा. घटनेचं स्वरूप: पाण्यात बुडून मृत्यू. फिट आली होती का: माहीत नाही. साक्षीदार: नाही. औषधाशी संबंध: या चौकटीवर सरांनी फोनवर सांगितलं, "संभव नाही असं लिही. साक्षीदारच नाही तर आपण काय म्हणणार?"

नंतर अभ्यासाच्या नियमपुस्तिकेत वाचलं: रुग्ण अभ्यासाच्या मधेच गेला तर शेवटच्या भेटीचा आकडा पुढे धरायचा. म्हणजे फेब्रुवारीतही जैनीच्या फिट शून्य. मार्चमध्येही शून्य. जगणं कसं वाटतं: आठ.

समितीची बैठक पुढे गेली. एक सदस्य आजारी.

३० जानेवारी
देवू कुरखेड्याला आला, बाजाराच्या दिवशी. डबी आणि कॅलेंडर परत द्यायला. कोणी मागितलं नव्हतं. "सरकारी वस्तू हाये, घरी काऊन ठेवाची," म्हणाला. डबीवरची हळद त्यानं पुसली होती, थोडी राहिली होती.

चहा दिला. प्यायला नाही. मग म्हणाला, "मॅडम, मी बराबर लावत होतो ना टिकल्या? जेवढ्या पाह्यल्या तेवढ्या लावल्या. एकबी लपवली नाई."

मी म्हटलं, "बरोबर लावल्या, देवूभाऊ."

"मंग ते काऊन गेली?"

त्याला सांगायला हवं होतं. पत्रकातल्या "हलवू नका"पासून सगळं. मी त्याचा गार झालेला चहा उचलून ठेवला. तो उठला, चप्पल घालताना म्हणाला, "तुमचा नाव घेत होती ते. ताई हसवते म्हने." गेला.

२ फेब्रुवारी
आजपासून ठरवलं. उरलेल्या दहा जणींकडे जायचं, त्यांच्या त्या दिवसांतच. सरांना सांगितलेलं नाही. रजा टाकली: प्रकृती.

५ फेब्रुवारी
खालचा टोला. कुर्म्यात दोघी होत्या, एक आमची. "येते ना. दर बारीले येते. हे पाहते म्हनून वाचते मी," शेजारणीकडे बोट. शेजारीण म्हणाली, "मी पाह्यली त त्याचं काय? मले त कोनी टिकल्या नाई देल्या."

सासूला बोलावून सांगितलं: रोज दोन गोळ्या कागदात, जेवणाबरोबर. वरून टाका, ठेवून जा, कसंही. ती म्हणाली, "हे आदीच सांगाचं होतं ना."

दोन मिनिटं लागली. मी घड्याळ पाहिलं.

९ फेब्रुवारी
मूलकडची. इथं कुर्मा नाही, सपरी आहे, माझ्या घरासारखी. सासू-सून दोघी शिकलेल्या, टीव्ही चालू. डबी देवघराच्या फळीवर. "तुमच्या कागदावरच लिवलं हाये ना मॅडम," सुनेनं पत्रक काढून दाखवलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं.

१२ फेब्रुवारी
दोन गावं. एकीला येत नाहीत. एकीचं उत्तर: "मले काय माहीत ताई. एकटीच असतो. कोन पाहते?" हे कुठल्या चौकटीत लिहू?

आणि एक पोर, एकोणीसची, डबीतल्या गोळ्या पदराखाली लपवून कुर्म्यात नेते. तक्त्यात पुन्हा पाहिलं. उरलेल्या गोळ्या आठ. "मंग ह्या काऊन उरल्या?" विचारलं. म्हणाली, "पूर्न संपवली असती त मायबाईले समजलं असतं ना, मी नेली म्हनून. पयल्या बारीच्या उरल्या होत्या, त्याच दर महिन्याले डबीत टाकतो." म्हणजे माझे बरोबर आकडेही चूक आणि चूक आकडेही

पुरे आजच्यासाठी.

१७ फेब्रुवारी
दहाव्या बाईची भेट झाली. सगळ्यांचं त्यांच्याच शब्दांत लिहिलं, तारीख, ठिकाण. सहा जणींना त्या दिवसांत फिट येतात. दोघींना नाही. दोघींना माहीत नाही.

बाबांचा फोन. "रजेवर हाये म्हनते तुह्या ऑफिसात. बरी हायेस ना?" ऑफिसातूनच त्यांना फोन गेला असणार. बाबांना सांगितलं, चूक झाली माझ्याकडून, मोठी. ते घाबरले. "सायबाच्या पाया पड. इतकं शिकलीस. माफ करते मोठा मानूस." मग हळूच, "नोकरी त नाई जानार?"

१९ फेब्रुवारी
सर स्वतः कुरखेड्याला आले. रागावले नाहीत, थकलेले दिसले. गोळ्या नेण्याची सूचना परवानगीशिवाय दहा घरी दिली हे त्यांना कळलं आहे. म्हणाले, "जैनीचं मलाही लागलंय. पण आता तू जे करतेस त्यानं जैनी येणार नाही, आणि गोळी मात्र जाईल. दहा वर्षांनी एखाद्या पोरीला मिरगी आली आणि उपकेंद्रात काही नसलं, तर ते कोणाच्या नावावर?"

 त्यांचं खरं असेल. मला वाटतं बरंचसं खरं आहे.

त्यांनी मार्ग दिला: अहवालाच्या शेवटी, मर्यादा या मथळ्याखाली, एक ओळ. "सांस्कृतिक कारणांमुळे काही नोंदी अपुऱ्या असण्याची शक्यता." मी दोन दिवस मागितले.

शे.बाईंना ती ओळ वाचून दाखवली. म्हणाल्या, "यात जैनी कुठी हाये?"

२१ फेब्रुवारी
दिवसभर काही नाही. खोलीत पडून. गोळी गेली तर ती माझ्यामुळे. आकडे राहिले तर तेही माझ्यामुळे. बाहेर लग्नाचा बँड.

गाणं म्हणत स्कूटीवर येणारी ती मुलगी आठवून किळस येते.

२३ फेब्रुवारी
फॉर्ममध्ये चूक दुरुस्त करायची पद्धत आहे. खाडाखोड करायची नाही, पांढरं लावायचं नाही. एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. बाजूला खरं लिहायचं, कारण, सही, त्या दिवसाची तारीख.

सकाळी आठपासून बसले. अकरा जणींचे सगळे महिने. जैनी शेवटी घेतली. ऑक्टोबरच्या शून्यावर रेघ. नोव्हेंबरच्या शून्यावर रेघ. डिसेंबरच्या. प्रत्येकीच्या बाजूला: माहीत नाही. कारण: विचारलं नाही. सही.

आठवरही रेघ मारली.  कारण: उत्तर नवऱ्याचं. आकड्याची जागा कोरी ठेवली.

मृत्यूच्या फॉर्मवर "संभव नाही"वर रेघ. लिहिलं: औषध दर महिन्याला पाच दिवस बंद होत होतं. डबी न हलवण्याची सूचना माझी. तेवीस डिसेंबरला मला कळलं होतं.

२४ फेब्रुवारी
मूळ फॉर्म खोलीतल्या कपाटात, कुलूप लावून. प्रती, गोळ्यांचा तक्ता आणि दहा जणींचं म्हणणं एका पाकिटात. सकाळच्या बसनं चंद्रपूर. नैतिक समितीच्या कार्यालयात आवक टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "सरांच्या सहीचं पत्र जोडलं नाही का?" मी म्हटलं, नाही, माझ्या सहीचं आहे. त्यांनी पाकीट दोन्हीकडून पाहिलं, घेतलं, पोच दिली.

मग सरांना फोन करून सांगितलं की दिलं. ते फक्त "बरं" म्हणाले.

परत जाताना देवूच्या गावी उतरले. अंगणात होता, जैनीची सासूही होती. दोघांना बसवून सगळं सांगितलं, पत्रकापासून नाल्यापर्यंत, विचारून सांगते म्हणाले होते तेही. म्हातारी उठून आत गेली. देवू तिथेच बसून राहिला. संध्याकाळची शेवटची बस आली तेव्हा मी उठले; तो तसाच अंगणात होता.